विहीणबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या

नांदेड
१८ नोव्हेंबर २०२३

सौ. धुरपताबाईंना सिंधूचा नमस्कार.

भाऊबीज करून ऋतुजा परत आली. तुमच्या चकल्या पोचल्या आणि संपल्याही. फोन करणार होते, पण फोन लावला की आमचा शिवम, तुमचा जावई, स्पीकर चालू करून देतो. मग दोन विहिणी बोलत नाहीत, दोन घरं बोलतात. सध्या मला विहिणीशीच बोलायचं आहे, म्हणून हे पत्र. छत्तीस वर्षं मुलींना पत्रलेखन शिकवलं, त्याचा आता निवृत्तीनंतर तरी उपयोग व्हावा.

ऋतुजा सांगत होती, तुम्हाला खाली बसलं की उठवायला माणूस लागतो. मला वाईट वाटलं आणि खोटं कशाला सांगू, थोडा धीरही आला. माझेही दोन्ही गुडघे गेले आहेत. उजवा पाय तर धनुकलीसारखा वाकला आहे. डॉक्टर म्हणतात गादी झिजली, सांधा बदला. ऑपरेशन म्हटलं की माझे हातपाय गार पडतात, हे घरात कोणाला ठाऊक नाही. घरात मी शूर आहे.

तर सोबत एक डबी पाठवते आहे. त्यात ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आहेत. सांध्यांना खाद्य मिळतं म्हणतात. वजिराबादच्या दुकानातून दोन डब्या आणल्या, एक तुमची, एक माझी. रोज जेवणानंतर घ्यायच्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, असं दुकानदाराने दोनदा बजावलं आहे. तुम्हाला ती चालू नाही, हे मी ऋतुजाकडून काढून घेतलं.

लग्नात तुम्ही त्याच गुडघ्यांनी वाकून पंगतीच्या पंगती वाढल्यात, ते मी विसरलेले नाही. आता माझ्याकडे या म्हणजे मी वाढते. चार वेळा आलात आणि चारही वेळा तुमचा निरंकार उपास निघाला. मी पंचांग उघडून पाहिलं नाही, विहिणीचं पंचांग तपासू नये.

पंधरा दिवसांनी गुण कळवा.

तुमची,
सिंधू

वाडी, ता. चाकूर
४ डिसेंबर २०२३

सिंधूबाईंना धुरपताचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता की कोर्टाचं आहे का. या वाडीत टपाल म्हणजे एक तर कोर्ट नाहीतर बँक. मी म्हटलं, विहिणीचं आहे. तो म्हणाला, मग कोर्टापेक्षा जड.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. चुका असतील त्या लाल शाईने धरा, पण पत्र परत पाठवू नका. तुमचं अक्षर बघून मला माझ्या अक्षराची लाज वाटली. तुमच्यासारखी शिकलेली बाई माझ्या गुडघ्यांची काळजी करते, हे मी ऋतुजाच्या बाबांना तीनदा वाचून दाखवलं. ऑपरेशनच्या भीतीचं तेवढं गाळलं. ते आपल्या दोघींत राहील.

डबी मिळाली. गोळ्या भल्या मोठ्या आहेत. रोज जेवणानंतर एक, असं चालू केलं आहे. अजून फरक नाही, पण इतक्यात कसा पडेल.

तूर फुलावर आहे. ऋतुजाला तब्येत सांभाळायला सांगा. ती फोनवर सगळं बरं आहे म्हणते, आणि बरं आहे म्हणणाऱ्या लेकीची आईला जास्त काळजी.

तुमची विहीण,
धुरपता

नांदेड
२० जानेवारी २०२४

विहीणबाई,

लाल शाई मी नोकरीबरोबरच सोडली. आणि तुमच्या पत्रात धरण्यासारखी चूक एकही नाही, फक्त एक मोठी उणीव आहे. पुढे गुण आला की नाही ते तुम्ही कळवलंच नाही.

माझं म्हणाल तर दोन महिने झाले, एकही दिवस चुकवला नाही. फरक शून्य. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरते, खेकड्यासारखी. यजमान म्हणतात, त्या डॉक्टरांचं ऐक. यजमानांचं नाव रामकिशन असलं तरी आमच्या घरात रामराज्य नाही, त्यांचं कोणी ऐकत नाही.

संक्रांतीला ऋतुजाला विचारलं, तर ती म्हणाली आई आता उंबऱ्याला हात न लावता घरात येते-जाते. खरं आहे का? मला सविस्तर कळवा. किती वाजता घेता, कशाबरोबर घेता, सगळं. मी वर्गात पाठ शिकवायची तसा तुम्ही मला शिकवा.

सिंधू

वाडी
९ फेब्रुवारी २०२४

सिंधूबाईंना नमस्कार.

ऋतुजाने सांगितलं ते खरं आहे. उंबऱ्याला हात लावत नाही. मागच्या गुरुवारी चाकूरच्या स्टँडपासून बाजारापर्यंत पायी गेले आणि पायीच आले, मध्ये दोनदा टेकले तेवढंच. मला स्वतःलाच नवल वाटलं. शेजारची शरणम्मा म्हणाली, "तुझे गुडघे नवरीवाणी चालून राहिलेत."

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दुपारी भाकरी खाल्ली की गोळी घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर छातीत जळजळ होते. सुरुवातीला आठ दिवस जळजळ झाली, मग ताकासोबत घेतली तेव्हा थांबली. तुमच्या हातगुणाने बरं वाटतं आहे असंच म्हणायचं. एवढी महागाची वस्तू तुम्ही आठवणीने पाठवलीत, तिचा गुण येणारच.

वजनही थोडं उतरलं आहे. खाली मांडी घालून बसायचं सोडलं. जमिनीवर बसून जेवायची सवय होती, आता खुर्चीवर बसते आणि पाहुण्यांसमोर लाजते.

तुमच्या गुडघ्यांनाही लवकर आराम पडो.

धुरपता

नांदेड
३० मार्च २०२४

प्रिय विहीणबाई,

हे पत्र मी नाचत लिहिते आहे असं समजा, कारण खरोखर नाचणं अजून जमत नाही.

माझ्या ऑपरेशनची तारीख बारा एप्रिल ठरली होती. तुम्हाला कळवलं नव्हतं. मुलाने आणि यजमानांनी मिळून ठरवली, मी मान हलवली. पण काल डॉक्टरांकडे गेले तेव्हा तुमचं फेब्रुवारीचं पत्र पर्समध्ये होतं. ते मी टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हटलं, हे वाचा. एक शेतकरी बाई, माझ्याच वयाची, दोन महिन्यांत बाजारापर्यंत चालत जाते. डॉक्टरांनी पत्र पूर्ण वाचलं. हसले नाहीत, एवढं खरं. म्हणाले, "मॅडम, या गोळ्यांनी काहींना थोडं बरं वाटतं, पुष्कळांना काहीच वाटत नाही. तुमचा सांधा त्यापुढे गेला आहे. उशीर केलात तर पाय आणखी वाकेल आणि मलाच अवघड जाईल." मी विचारलं, मग ह्या बाईंचं काय? ते म्हणाले, त्यांना तपासल्याशिवाय मी काय सांगू.

मी तारीख रद्द केली. माझा डॉक्टरांपेक्षा तुमच्यावर विश्वास आहे, कारण तुम्हाला मला काही विकायचं नाही. माझ्या शरीराला गुण यायला जरा वेळ लागत असेल, आमच्याकडे सगळेच उशिरा पास होतात. आता ताकासोबत घेते आहे. शिवाय पाण्यात ढवळून घ्यायची एक पावडर आणि हळदीच्या गोळ्याही चालू केल्या आहेत. यजमान म्हणतात, जेवणापेक्षा हेच जास्त होतं.

तुम्ही मला वाचवलंत. लवकर लिहा.

तुमची,
सिंधू

वाडी
२६ जुलै २०२४

सिंधूबाईंना धुरपताचा नमस्कार.

चार महिने तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. पत्र गादीखाली होतं. रोज अंथरूण काढताना दिसायचं आणि रोज मी ते परत ठेवायची. माझ्याने लिहवत नव्हतं.

काल ऋतुजाचा फोन आला. तुम्ही मोरीत पडलात, हाताला प्लास्टर आहे आणि तीन आठवडे झाले तरी मला कळवायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, हे ती रडत सांगत होती. उजवा पाय आता टेकवतच नाही म्हणाली. फोन ठेवला आणि कागद घेतला. आता जे लिहिते ते वाचून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत तरी माझी तक्रार नाही.

सिंधूबाई, मी तुमची एकही गोळी खाल्लेली नाही.

डबी आली त्याच दिवशी मी ती शरणम्माला दिली. तिचेही गुडघे दुखतात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हे मी तिला विचारून घेतलं होतं, एवढं तरी शहाणपण केलं. छातीत जळजळ झाली ती तिला. ताक तिने घेतलं. तिला डबी संपेपर्यंत ना गुण आला ना काही. तिचं सगळं मी माझं म्हणून तुम्हाला लिहिलं.

का, ते सांगते. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही अशी रीत आहे. माझ्या आईने पाळली, सासूने पाळली. ऋतुजाच्या लग्नाला तीन वर्षं झाली. मी तुमच्याकडे चार वेळा आले आणि चारही वेळा उपास सांगितला. एकही एकादशी नव्हती. तुमच्या घरून निघाले की नांदेडच्या स्टँडवर केळी खाऊन एसटीत बसायची. मग तुमच्या घरून आलेली गोळी तरी कशी घेऊ? ती तर रोज पोटात जाणार. परत पाठवली असती तर तुमचा अपमान झाला असता. म्हणून घेतली आणि गुण आला असं लिहिलं. वाटलं, चांगलं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. त्या चांगल्या लिहिण्यावर तुम्ही तुमचं ऑपरेशन मोडाल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते मार्चचं पत्र वाचलं तेव्हाच कळलं. त्याच दिवशी खरं लिहायला हवं होतं. तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. त्या भीतीपायी तुमचा पाय गेला.

माझे गुडघे बरे झाले ते खोटं नाही. चाकूरच्या दवाखान्यात दर गुरुवारी करिश्मा नावाची पोरगी येते, हाडांचे व्यायाम शिकवते. दिवाळीनंतर ऋतुजाच्या बाबांनी मला तिच्याकडे नेलं. ती म्हणाली, "मावशी, तुमचा गुडघा अजून लई गेला न्हाई. मांडीत जीव आणा, भार तीच उचलंल." खाटेवर पडून पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचं, खाली ठेवायचा. महिन्याने तिने पायाला वजन बांधायला सांगितलं. माझ्याकडे वजन कुठलं? किलोभर तूरडाळ फडक्यात बांधून घोट्याला लावली. आजही रोज सकाळी तीस वेळा उचलते. सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं. वाडीतल्या बाया बघायला यायच्या आणि हसायच्या, आता त्यातल्या सहा जणी माझ्या ओसरीवर डाळ घेऊन येतात.

मी करिश्माला तुमच्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, पाय वाकला असेल आणि डॉक्टर सांधा बदला म्हणत असतील तर तिथं व्यायाम एकटा पुरणार नाही, ऑपरेशन करा आणि मग व्यायाम करा. हे सांगायला मला चार महिने लागले.

मला माफ करा असं लिहायचं धाडस नाही. ऑपरेशन तेवढं करा.

धुरपता

नांदेड
४ ऑगस्ट २०२४

धुरपताबाई,

डावा हात प्लास्टरमध्ये आहे, कागद सरकतो आहे, अक्षराला हसू नका.

पत्र वाचून दोन दिवस झाले. पहिल्या दिवशी तुमचा राग आला. इतका आला की तुमच्या चकल्यांचा रिकामा डबा मी कपाटाच्या मागे ढकलला. विहिणीने विहिणीला फसवावं, आणि तेही ताक घालून. शरणम्माची जळजळ मी आठवडाभर स्वतःच्या छातीत शोधत होते.

दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि शरम वाटली, स्वतःची. डॉक्टरांनी समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. यजमान सांगत होते, मुलगा सांगत होता. चार महिने गोळ्यांनी मला तसूभर फरक पडला नव्हता, हे माझं मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण मला ऑपरेशन नको होतं आणि तुमचं पत्र हातात होतं. तुम्ही नसतं लिहिलंत तर मी दुसरं कोणाचं तरी पत्र शोधलं असतं. दुकानात गुडघ्यांची निदान पंधरा तरी औषधं मांडलेली असतात आणि प्रत्येकावर हसरी म्हातारी चालत असते. चूक तुमची आहे, पण पाय माझा मीच घालवला. तेवढा वाटा माझा मला ठेवू द्या.

आता दुसरी गोष्ट. माझ्यासमोर हजारो मुली शिकून गेल्या. न विचारता, पकडली न जाता, आपली चूक अशी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून देणारी एकही मला भेटली नाही. शिक्षिका तर नाहीच नाही, मीही नाही. मी पडले ते तुमच्यापासून लपवलं, ते कशासाठी? तुमचा सल्ला फुकट गेला असं तुम्हाला वाटू नये म्हणून. दोघी सारख्याच निघालो, पण आधी खरं बोललात ते तुम्ही. आणि ते डाळीचं गाठोडं! मी ते यजमानांना, शिवमला, आमच्या कामवाल्या पंचफुलाबाईंना, सगळ्यांना सांगत सुटले आहे. पासष्टाव्या वर्षी पायाला डाळ बांधून रोज तीस वेळा रडत पाय उचलणारी बाई माझी विहीण आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. हे तोंडावर सांगता आलं नसतं.

तिसरी गोष्ट अवघड आहे. ऋतुजाला तुमच्या उपासांचं पहिल्यापासून ठाऊक होतं. तुम्ही गेल्यावर तुमचं न वाढलेलं ताट ती फडताळात परत ठेवायची आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. मला वाटायचं, माहेरची आठवण. काल मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आईने माझ्या घरी पाणी प्यावं म्हणून तरी मला मूल व्हावं, असं मी रेणुकेला मागते." धुरपताबाई, ती आणि शिवम डॉक्टरांकडे जातात. व्हायचं तेव्हा होईल, आणि नाही झालं तरी ती माझी लेकच आहे. पण ह्या पोरीने मूल कशासाठी मागावं, ते बघा. तुमची रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही, तुम्ही ती मनापासून पाळलीत. पण तिचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे, ते तुम्हाला दिसत नव्हतं, आता दिसेल.

ऑपरेशन सत्तावीस ऑगस्टला ठरवलं आहे, तोवर प्लास्टर निघेल. मला अजूनही भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, सांधा मी बसवीन, पण चालायचं तुम्हाला शिकावं लागेल, आणि पहिले तीन आठवडे फार दुखेल. व्यायाम टाळणाऱ्या माणसाचा नवा सांधाही आखडतो. मी टाळणारी आहे. घरात मला कोणी बोलू शकत नाही, तुम्ही बोलू शकता.

म्हणून माझी अट आहे. तुम्ही तीन आठवडे येऊन राहा. खाटेजवळ बसा आणि मला मोजून पाय उचलायला लावा. पण स्टँडवरची केळी खाऊन नाही. माझ्या घरी जेवून. ते जमत नसेल तर तसं कळवा, मी राग धरणार नाही. पण मग मी ऑपरेशनच्या टेबलावर जाईन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

सिंधू

वाडी
१५ ऑगस्ट २०२४

सिंधूबाईंना धुरपताचा नमस्कार.

तुमचं पत्र मी ओसरीवर उभ्याने वाचलं. ऋतुजाचं वाचलं आणि खाली बसले. करिश्माने जमिनीवर बसू नका म्हणून ताकीद दिली आहे, तरी बसले. शरणम्माने येऊन उठवलं.

तीन वर्षं मला वाटत होतं की मी लेकीचा मान राखते आहे. माझ्या आईने माझ्या घरी पाणी प्यायला पाच वर्षं लावली. ती पाच वर्षं मी काय मागत होते, ते मला पत्र वाचताना आठवलं. कसं विसरले, देवाला माहीत. तुम्ही नसतं लिहिलंत तर मी ऋतुजालाही तेच दिलं असतं आणि वर चांगली आई म्हणून मिरवलं असतं. तुम्ही मला रागावून लिहिलं असतं तर सोसलं असतं. तुम्ही माझं कौतुक केलंत आणि मग हे सांगितलंत, असं करायला मोठं काळीज लागतं. शाळेतल्या पोरी तुम्हाला का घाबरत होत्या आणि का सोडत नव्हत्या, ते मला कळलं.

ऋतुजाच्या बाबांना पत्र पूर्ण वाचून दाखवलं, या वेळी काहीही न गाळता. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मूल न्हाई झालं अजून. भावकी काय म्हणंल?" लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, मी त्यांना उलट बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "भावकीचे गुडघे धड हायत, त्यांना म्हणू द्या. माझी लेक पाण्यासाठी देवाला लेकरू मागून राहिली. मी जाणार हाय, अन् जेवणार हाय." ते धोतर झटकून शेतात गेले. मला वाटलं मोडलं सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकूरला जाऊन नांदेडच्या गाडीची वेळ विचारून आले. आणि शरणम्माच्या सुनेला म्हणाले, तीन आठवडे माझ्या भाकरी तू कर.

ओसरीवरच्या सहा जणींना शरणम्मा मोजून पाय उचलायला लावणार आहे. तिची तुमच्यावर एक तक्रार आहे, डबी पाठवलीत तशी आधी डाळ का नाही पाठवली.

मी रविवारी, पंचवीस तारखेला येते. तुम्हाला भीती वाटेल तेव्हा मला उठवा, घरात शूर राहायचं ते इतरांसमोर राहा. ऑपरेशननंतर दुखेल तेव्हा तुम्ही मला शिव्या द्याल, त्या मी ऐकून घेईन आणि पुढचा आकडा मोजीन. त्यात सूट मिळणार नाही, आधीच सांगते.

हे पत्र ऋतुजाला वाचून दाखवू नका. तिच्याशी मला स्वतः बोलायचं आहे. तिला एवढंच सांगा, आई रविवारी दुपारी जेवायला आहे. मला ज्वारीच्या दोन भाकरी लागतात, आणि सोबत काहीही चालतं.

तुमची विहीण,
धुरपता